लेप्याचं वर्ष: चपटा मासा पुण्यात येतो कधी आणि मधेच जातो कुठे

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एकाच सकाळी मोबाईलवर दोन फोटो आले. पहिला बातमीतला. पावसाळी मासेमारी बंदी उठली म्हणून कोकणातल्या बंदरातून निघालेल्या होड्या, त्यांना लावलेल्या पताका, धक्क्यावर बर्फाच्या लाद्या फोडणारी माणसं. दुसरा न्यू जर्सीहून भाच्याने पाठवलेला. त्याच्या दोन्ही हातांत पोळपाटाएवढा चपटा मासा, वरून मातकट, खालून पांढराफेक, आणि दोन्ही डोळे डोक्याच्या एकाच बाजूला. खाली लिहिलं होतं, "मामा, हा आपला लेपाच ना? इथे याला फ्लूक म्हणतात. तिकडे बंदी उठलीय, म्हणजे तुलाही मिळत असतील."

मी पिशवी घेऊन गणेश पेठेतल्या मासळी बाजारात गेलो. कोळंबीचे ढीग होते, बांगडे होते, लेपा नव्हता. नेहमीच्या मावशींना विचारलं, तर हातातली सुरी न थांबवता त्या म्हणाल्या, "आत्ता कुठले लेपे, दादा? पाऊस उतरू दे. गणपती जाऊ देत, मग बघा, पाट्याच्या पाट्या येतील."

बंदी उठलेली, होड्या समुद्रात गेलेल्या, मग लेपा पाऊस उतरायची वाट का बघतो? आणि भाच्याला तिकडे भर ऑगस्टमध्ये, तेही किनाऱ्याजवळ, त्याचा भाऊबंद मिळतो कसा? मला हे नीट समजून घ्यायला बरेच दिवस लागले. थोडक्यात सांगायचं तर तिकडे या माशाचं वर्ष थंडी ठरवते. आपल्याकडे ते ठरतं समुद्राच्या तळाला श्वास घेता येतो की नाही यावर.

## आधी हा मासा समजून घेऊ

चपट्या माशांच्या सातशेहून जास्त जाती आहेत. सोल, फ्लाउंडर, हॅलिबट ही हॉटेलच्या मेनूवर दिसणारी नावं याच मोठ्या गोतावळ्यातली. आपला लेपा म्हणजे जिभेच्या आकाराचा, मागे निमुळता होत गेलेला मासा. कुठे त्याला लेपी म्हणतात, कुठे लेपटी, गोव्याकडे लेपो. केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर झुंडीने सापडणारा मलबारी लेपा पूर्ण वाढला तरी वीतभर भरत नाही. भाकस मात्र मोठा, जाड आणि दातांचा. भाच्याच्या हातातला फ्लूक लेप्याचा सख्खा नव्हे, लांबचा चुलतभाऊ.

चपटा म्हटलं की आपल्याला पापलेट आठवतं, पण त्याचा इथे संबंध नाही. पापलेट उभं पोहतं, कपाटात उभ्या ठेवलेल्या पुस्तकासारखं. त्याचा एक डोळा या अंगाला, एक त्या अंगाला. लेपा म्हणजे तेच पुस्तक टेबलावर आडवं टाकलेलं. तो एका कुशीवर पडून आयुष्य काढतो. आपण ज्याला त्याची पाठ म्हणतो ती खरं तर डावी कूस, आणि ज्याला पोट म्हणतो ती पांढरी बाजू म्हणजे उजवी.

घरी लेपे आणलेत तर एक ताटात ठेवून बघा. डोळ्यांची बाजू वर आणि पोटाची कड तुमच्याकडे. डोकं डाव्या हाताला येईल. भाच्याच्या फ्लूकचंही तसंच येतं. त्याच्याच किनाऱ्यावर मिळणारा विंटर फ्लाउंडर असाच ठेवला तर डोकं उजवीकडे जातं. बहुतेक जातींची अशी एक बाजू ठरलेली असते. भाकस मात्र कधी डावा निघतो, कधी उजवा.

माझं आजोळ मालवणच्या बाजूला. ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चालताना कधी कधी पायाखालची वाळूच सटकन सरकायची. काळजात धस्स व्हायचं. खाली बघावं तर काही नाही, फक्त गढुळ पाण्याचा एक लहान भोवरा आणि हातभर अंतरावर पुन्हा तीच वाळू. तो लेपा असायचा. अंगावर वाळूचा पातळ थर ओढून, फक्त दोन डोळे बाहेर ठेवून पडलेला. पाऊल पडेपर्यंत दिसायचा नाही, आणि सरकल्यावर लगेच परत दिसेनासा व्हायचा.

या दडण्यावर एक सुंदर प्रयोग झाला आहे. मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उष्ण समुद्रातल्या एका चपट्या माशाला वेगवेगळ्या नक्षीच्या तळावर ठेवलं, त्यात बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षीही होती. माशाने अंगावरचे ठिपके गडद-फिके करून २ ते ८ सेकंदांत त्या नक्षीशी मिळतंजुळतं रूप घेतलं. तळाशी पडून राहणाऱ्याला तळासारखं दिसणं किती गरजेचं असतं, ते यातून कळतं. तळ हेच त्याचं घर, स्वयंपाकघर आणि पांघरूण. म्हणून तळाचं काही बिघडलं की सगळ्यात आधी त्याचं बिघडतं. हे वाक्य पुढे लागणार आहे.

## डोळा जागचा हलतो तरी कसा

लेप्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा साध्या माशासारखंच असतं, एक डोळा इकडे, एक तिकडे. काही दिवस ते पाण्याच्या वरच्या थरात उभं पोहतं. मग बेडकाच्या पिल्लाची शेपूट जाऊन पाय फुटतात त्यासारखा बदल सुरू होतो. दोन्हीमागे थायरॉईडचं संप्रेरकच असतं. एक डोळा हळूहळू डोक्यावरून पलीकडे सरकतो, कवटीची हाडं वळतात, पिल्लू एका अंगावर कलतं आणि तळाला जाऊन बसतं. ते परत कधी उभं राहत नाही.

अर्धवट सरकलेल्या डोळ्याचा उपयोग काय, मग हा बदल टप्प्याटप्प्याने झाला असं म्हणायचं कसं, ही शंका डार्विनच्या हयातीतच त्याच्यापुढे मांडली गेली होती. उत्तर दगडात होतं. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या चपट्या माशांचे जीवाश्म तपासल्यावर २००८ मध्ये दिसलं की त्यांचा एक डोळा खरोखरच अर्ध्या वाटेवर आहे. मोठे झालेले, पोट भरून जगलेले ते मासे होते. भाकसाचा वरचा डोळा आजही डोक्याच्या कडेपाशीच थांबलेला दिसतो.

## भाच्याचा मासा: थंडीचं वेळापत्रक

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पाणी गोठायला आलेलं असतं आणि उन्हाळ्यात पोहण्याइतकं ऊबदार. इतका फरक आपल्याला कल्पनेतच आणावा लागतो. फ्लूक, म्हणजे समर फ्लाउंडर, वसंतात खाड्यांमध्ये आणि उथळ पाण्यात येतो, उन्हाळाभर तिथे लहान मासे आणि माकूल, म्हणजे स्क्विड, खातो. शरदात पाणी गार व्हायला लागलं की तो किनारा सोडून खोल समुद्राकडे निघतो आणि त्या वाटेवर, त्या थंडीत अंडी घालतो. पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत परत खाड्यांत येतात.

विंटर फ्लाउंडरचं सगळं उलटं. तो हिवाळ्यात खाडीत शिरतो आणि तिथेच अंडी घालतो. त्याच्या रक्तात बर्फाचे कण वाढू न देणारी प्रथिनं असतात, त्यामुळे तो गोठत नाही.

तिकडची माणसं हे वेळापत्रक धरूनच गळ टाकतात. उन्हाळ्यात होडी ओहोटीबरोबर हळूहळू वाहू द्यायची, गळाला माकुळाची पट्टी लावायची आणि ती तळावरून फरफटत न्यायची. फ्लूक शिकारी असल्याने झडप घालतो. भाच्याने सांगितलं, सुमारे १८ इंचांपेक्षा लहान निघाला तर सोडून द्यावा लागतो, आणि माणशी किती ठेवायचे तेही ठरलेलं. नियम दरवर्षी थोडे बदलतात, पण फूटपट्टी सगळ्यांच्या होडीत असते.

आपला लेपा गळाला क्वचित लागतो. त्याचं तोंड बारीक आणि आकड्यासारखं वाकडं. चिखलातल्या कृमी आणि बारीक जीव तो टिपून खातो. त्याला माकुळाच्या पट्टीचं आकर्षण नाही.

## आपल्याकडे थंडी नाही, मग हंगाम कुठून आला?

कोकणच्या समुद्राचं वरचं पाणी वर्षभर कोमटच असतं. पण वर काय आहे त्याने लेप्याला फरक पडत नाही. तो राहतो खाली.

माशाला हवा लागते ती पाण्यात विरघळलेली. ती पाण्यात येते मुख्यतः वरून, वारा आणि लाटा पाणी घुसळतात तेव्हा. तळापर्यंत ती पोचायची तर वरचं पाणी खाली मिसळायला हवं. आता पावसाळ्यात काय होतं ते बघू.

बादलीत आधी नळाचं गार पाणी घ्या आणि वरून सोलरचं कढत पाणी हळूच सोडा. ढवळलं नाही तर वर कढत आणि खाली गार असंच राहतं, अंगावर घेतल्यावर कळतं. जून ते सप्टेंबरमध्ये सह्याद्रीवरून पश्चिमेला उतरणाऱ्या सगळ्या नद्या समुद्रात गोडं पाणी ओततात. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. खारं पाणी जड, ते खाली राहतं. वरच्या थराचं असं झाकण बसतं आणि खालच्याला हवा मिळेनाशी होते.

त्याच वेळी दुसरी गोष्ट घडते. चहाच्या कपावर फुंकर मारली की साय पलीकडे सरकते आणि अलीकडे खालचा चहा उघडा पडतो. पावसाळी वारे आणि पृथ्वीचं फिरणं मिळून किनाऱ्याजवळचं वरचं पाणी असंच खोल समुद्राकडे ढकलतात. रिकाम्या जागी खोलातलं गार पाणी किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यावर चढून येतं. याला अपवेलिंग म्हणतात. केरळ-कर्नाटकासमोर त्याचा जोर जास्त, गोव्याकडे येईपर्यंत तो कमी होतो, आणि दक्षिण कोकणाला त्याची शेवटची झुळूक लागते.

हे वर आलेलं पाणी एका अर्थाने वरदान असतं. त्यात खताचा साठा असतो. त्यावर सूक्ष्म वनस्पती आणि जीव, म्हणजे प्लवक, भराभर वाढतात. प्लवक खाऊन तारली आणि बांगडे माजतात. पण या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी असतो. वर वाढलेलं प्लवक मरून तळाला जातं, कुजतं, आणि कुजताना उरलेला ऑक्सिजनही संपवतं. वरच्या माशांची जेव्हा दिवाळी असते, तेव्हा तळाच्यांचा जीव घुसमटतो.

गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० मध्ये दाखवून दिलं की पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यात तळाजवळचा ऑक्सिजन जवळजवळ संपतो. काही ठिकाणी कुजक्या अंड्याच्या वासाचा वायूही तयार होतो. नैसर्गिकपणे ऑक्सिजन तुटणाऱ्या जगातल्या सगळ्यात मोठ्या किनारी पट्ट्यांमध्ये याची गणना होते. हा आपल्या दाराशी आहे आणि पुण्यातल्या बहुतेक मासेखाऊंनी त्याचं नावही ऐकलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

पावसात काचा बंद केलेली, खचाखच भरलेली एसटी आठवा. घाट चढताना कोंदट झालं की सगळे दाराशी आणि उघड्या फटीशी सरकतात. तळाचे मासेही तसेच जिथे अजून श्वास घेता येतो तिथे सरकतात, आणि पावसाळा उतरताना अशी जागा म्हणजे लाटांनी घुसळलेला अगदी किनाऱ्यालगतचा पट्टा. एरवी विखुरलेला लेपा तिथे दाटीने गोळा होतो. मावशी म्हणतात त्या पाट्याच्या पाट्या इथून येतात. पुढे नोव्हेंबरपर्यंत वारे बदलतात, किनाऱ्याचा प्रवाह दिशा बदलतो, चढून आलेलं पाणी मागे उतरतं, तळाला हवा मिळते आणि लेपा पुन्हा पसरतो.

उत्तरेकडे, मुंबई-पालघरच्या बाजूला गणित थोडं वेगळं. तिथे उधाणाची भरती-ओहोटी ४-५ मीटरपर्यंत जाते. समुद्र दिवसातून दोनदा स्वतःला एवढा घुसळतो की गोड्या पाण्याचं झाकण पक्कं बसत नाही. म्हणून तिथल्या लेप्याचा हंगाम मालवणसारखा धारदार नसतो.

## खवल्यावर लिहिलेला उपास

लेप्याला पावसाळ्यात त्रास होतो हे कुणी आणि कसं ओळखलं? या सगळ्या विषयातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कालिकतमध्ये शेषप्पा आणि भीमाचार हे दोन शास्त्रज्ञ मलबारी लेप्याचा अभ्यास करत होते. थंड देशांत माशाचं वय खवल्यावरून काढतात. झाडाच्या खोडात जशी वर्षाला एक रेघ, तशी खवल्यावर एक रेघ. हिवाळ्यात वाढ थांबते, त्याची ती खूण. उष्ण समुद्रात हिवाळा नाही, म्हणून इथे ही पद्धत चालणार नाही असा समज होता. पण लेप्याच्या खवल्यांवर रेघा दिसल्या. त्या पडल्या होत्या पावसाळ्यात. पावसाळ्यात तळाच्या चिखलातले कृमी आणि बारीक जीव कमी होतात, लेप्याची उपासमार होते, वाढ अडते आणि खवल्यावर रेघ उमटते.

एवढ्याशा खवल्यावर दरसाल पावसाळ्याची नोंद असते. पुढच्या वेळी लेपे साफ करून घेताना एक खवला बोटावर घेऊन उजेडात धरून बघा. रेघ मोजायला भिंग लागेल, पण खवला किती नाजूक असतो तेवढं तरी दिसेल.

## "बंदी तर माशांनी अंडी घालावीत म्हणून असते ना?"

शाळेपासून आपण हेच ऐकतो. ते खरं आहे, पण सगळ्या माशांच्या बाबतीत सारखं खरं नाही.

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस बंदी असते. पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून. केरळ आपल्या ट्रॉलरना, म्हणजे तळावरून जाळं ओढणाऱ्या नौकांना, ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ५२ दिवस थांबवतं, आणि तिथे हे १९८८ पासून चालू आहे. बंदीमागे खवळलेल्या समुद्रात माणसांचा जीव वाचवणं हेही तेवढंच मोठं कारण आहे. तारली, बांगडा यांच्या विणीचा मोठा भाग पावसाळ्यात येतो, त्यांना या बंदीचा थेट फायदा.

लेपा मात्र पावसाळा उपाशी काढतो आणि मुख्यतः तो संपल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे अंडी घालतो. म्हणजे किनाऱ्यालगत दाटी झालेली, पोटात अंडी, आणि नेमके तेव्हाच ट्रॉलर पूर्ण जोरात. बंदीने त्याला दोन महिने न खरवडलेला तळ मिळतो, हा फायदा लहान नाही. पण त्याच्या विणीला संरक्षण मिळत नाही.

टेक्सासात सदर्न फ्लाउंडर शरदात अंडी घालायला खाडीतून समुद्राकडे निघतो. रात्री दिवा घेऊन उथळ पाण्यात चालत भाल्याने त्याला मारायची तिथे जुनी रीत आहे. मासे कमी होत चालल्यावर त्या राज्याने २०२१ पासून नेमका तोच काळ, १ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर, फ्लाउंडरसाठी पूर्ण बंद केला. मासा जेव्हा अंडी घालतो तेव्हा थांबा, इतका सरळ विचार.

आपल्याकडे एकाच जाळ्यात पन्नास जातींचे मासे येतात, त्यामुळे एका जातीसाठी तारीख बांधणं अवघड. पण जागा बांधता येते. महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात, जो २०२१ मध्ये आणखी कडक केला, किनाऱ्यालगतचं उथळ पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखायची सोय आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लेपा नेमका त्याच पट्ट्यात असतो. तो पट्टा त्या दोन महिन्यांत जरी खरोखर ट्रॉलरमुक्त राहिला, तरी लेप्याला वेगळी बंदी लागणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

## पकडतात कसा

आजोळी मी पाहिलेली पद्धत रापणीची. होडीतून अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून पंधरा-वीस माणसांनी ओढायचे. जाळं वाळूला टेकून येतं. आधी उसळणारे मासे दिसतात. लेपे सगळ्यात शेवटी, जाळ्याच्या तळाला ओल्या पानांसारखे एकमेकांना चिकटलेले. आम्ही मुलं ते सोडवायला पुढे. ते हातातून निसटायचे आणि ओल्या वाळूवर पडले की क्षणभर दिसायचेच नाहीत. मदत केली म्हणून मूठभर मासे मिळायचे, ते धोतराच्या किंवा फ्रॉकच्या ओच्यात घेऊन पळायचं.

उथळ पाण्यात पागानेही, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्यानेही, लेपा मिळतो, उत्तरेला डोलीत, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात येतो. पण आज पुण्यात येणारा बहुतेक लेपा ट्रॉलरचा. तो मुद्दाम पकडलेला नसतो. ट्रॉलर जातो कोळंबीसाठी. कोळंबी चिखलात, लेपाही चिखलात. तळावरून ओढलेलं जाळं दोघांना उचलतं.

## "बंदी असताना पुण्यात मासे कुठून येतात? चोरून का?"

बरेचसे सरळ मार्गाने. पूर्व किनारा १५ जूनला खुला होतो आणि तिकडचा बर्फातला माल रस्त्याने येतो. उजनीसारख्या धरणांतले मासे येतात, शेततळ्यांतली कोळंबी येते, शीतगृहातला साठा निघतो. बिगरयांत्रिकी पारंपरिक होड्यांना बंदी लागू नाही, त्यांचंही थोडं येतं. सुके लेपेही असतात. उन्हात खडखडीत वाळवलेले, आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या खरेदीत कोकणातली घरं पूर्वीपासून घेतात. पावसाळ्यात लेपा खायचाच असेल तर तो हाच खावा.

हॉटेलातल्या 'सोल'बद्दल एक सांगून ठेवतो. पांढरे, जाड, काटा नसलेले तुकडे आले तर ते बहुधा बासाचे असतात, आणि बासा हा गोड्या पाण्यातला मासा. लेप्याचे तुकडे पातळ असतात आणि मधे काट्याची फणी असते.

एक योगायोग मात्र छान आहे. बंदी उठते तेव्हा अर्ध्या पुण्याचा श्रावण चालू असतो. मग गणपती. बाजार पुन्हा भरतो तोवर लेप्याची वेळ झालेली असते.

## "लहान लेपेच कुरकुरीत लागतात. त्यात काय बिघडलं?"

बोटभर लेपे रव्यात घोळवून काट्यासकट खाणारी माणसं माझ्या घरातही आहेत, त्यामुळे हा प्रश्न मी परका समजत नाही. मलबारी लेपा लहानच असतो, आणि साधारण वर्षभरात वयात येतो. वयात आलेला वीतभरापेक्षा लहान लेपा खायला काहीच हरकत नाही. प्रश्न आहे बोटाएवढ्यांचा. त्यांनी एकदाही अंडी घातलेली नसतात.

ते जाळ्यात का राहतात, त्याचं कारण घरात दिसतं. कांद्याची जाळीची पिशवी हातात सैल धरली तर भोकं मोठी दिसतात. भरून उचलली की भोकं ताणून मिटतात आणि लसणाची पाकळीही बाहेर पडत नाही. ट्रॉलच्या शेपटाचंही तेच. जाळ्याच्या भोकाला मच्छीमार आस म्हणतात. तिरका आस ओढताना मिटतो, चौकोनी आस उघडा राहतो. बारीक आसाच्या जाळ्यात जे बारीक जीव अडकतात ते आपल्या ताटातही येत नाहीत. फिशमीलच्या, म्हणजे माशांच्या भुकटीच्या कारखान्याला जाणाऱ्या ढिगात त्यांची रवानगी होते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला, आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. धक्क्यावर फूटपट्टी धरणारं कुणी आहे का, यावर पुढचं सगळं अवलंबून.

पुण्यात बसून आपण करू शकतो ते एवढंच, की बोटभर लेप्यांचा वाटा समोर आला तर घेऊ नये आणि का घेत नाही ते विक्रेत्याला सांगावं. मी मावशींना सांगितलं तेव्हा त्यांना राग आला नाही. त्या म्हणाल्या, गिऱ्हाईक मागतं म्हणून आम्ही आणतो.

## समुद्र तापला तर

सदर्न फ्लाउंडरबद्दल एक गोष्ट वाचून मी हादरलो होतो. त्याच्या पिल्लांचं नर होणं की मादी होणं हे काही अंशी पाण्याच्या तापमानावर ठरतं. पाणी जास्त गरम झालं की नर वाढतात, माद्या घटतात. समुद्र उकळायला लागत नाही, थोडाच तापतो, आणि तेवढ्यानेही पुढच्या पिढीच्या आया कमी होतात.

आपल्याकडे धक्का दुसऱ्या दिशेने येतो. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि वरचा थर जितका तापलेला, तितकं त्याचं झाकण घट्ट. त्यात वादळं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये क्यार आणि महा ही वादळं पाठोपाठ आली आणि ऐन हंगामात होड्या बंदरात बांधून राहिल्या. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ आदळलं, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. हंगामाचे दिवस कमी झाले की उरलेल्या दिवसांत जाळी जास्त ओढली जातात. ते लेप्याला परवडत नाही, आणि रापण ओढणाऱ्यालाही.

## ऑक्टोबरची पाटी

दसरा झाल्यावर मी पुन्हा गणेश पेठेत गेलो. मावशींनी न विचारता पाटीवरचं ओलं पोतं बाजूला केलं. लेपे एकावर एक, तेलकट चमक, कल्ले उचलून बघितले तर लाल. मी वीतभराचे सहा निवडले.

साफ करताना मी भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ झाली नव्हती, पण त्याने उचलला. त्यांचा फ्लूकचा मोसम संपला होता, मासे खोल समुद्राच्या वाटेला लागले होते. मावशींनी लेप्याच्या डोक्यापाशी तिरकी चीर दिली, बोटांना जाडं मीठ लावलं, कातड्याचं टोक चिमटीत धरलं आणि शेपटीपर्यंत एका ओढीत सोलून काढलं. आवाज आला तो कापड फाटल्यासारखा.

"मामा, परत एकदा दाखव," तो म्हणाला.

दुसऱ्या लेप्याचं कातडं निघालं तेव्हा पोटापासून मागे निमुळती होत गेलेली फिकट पिवळी गाभोळी दिसली. मावशींनी सुरीच्या टोकाने ती दाखवली.

"अंड्यावर आलेत," त्या म्हणाल्या. "आता पुढचे पंधरा दिवस असेच येणार."